आधी सेटिंग, मग स्पीकर, मग डॅक: कॉम्प्युटरवरचं गाणं सुधारण्याचा क्रम

कॉम्प्युटरवर गाणी नीट वाजत नाहीत म्हटलं की बहुतेकांची पहिली उडी डॅकवर असते, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं स्पीकर-हेडफोनला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या वेगळ्या डबीवर. आठ-दहा हजारांची डबी घरी येते, त्याच जुन्या प्लॅस्टिकच्या स्पीकरला जोडली जाते आणि वाजत असते तीच १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिटची) एमपीथ्री. आठवडाभर फरक पडल्यासारखा वाटतो, मग वाटेनासा होतो. काही जण रॅम वाढवतात, प्रोसेसर बदलतात. त्याचा आवाजाशी जवळजवळ संबंधच नसतो.

यात घेतलेली वस्तू वाईट असते असं क्वचितच. चुकतो तो क्रम. खालच्या पायऱ्या फुकटपासून महागाकडे जातात, आणि मधली गाळली तर पुढच्या पायरीवर तुम्ही केलेली तपासणी खोटी ठरते. सूचना विंडोज ११ धरून दिल्या आहेत. मॅक आणि लिनक्सवर जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी

चाचणीची तीन-चार गाणी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. ‘साउंड टेस्ट’ नावाने फिरणारे धमाकेदार तुकडे नकोत. त्यांत सगळंच भारी वाटतं. त्यापेक्षा हे घ्या:

- विलंबित ख्यालाचं एक चांगलं रेकॉर्डिंग, ज्याच्या सुरुवातीला तानपुरा मोकळा ऐकू येतो. तानपुरा अखंड चालू असतो, त्यामुळे आवाज क्षणभर जरी तुटला तरी लगेच कळतं. आलापातल्या शांत जागांत यंत्राची खरखर उघडी पडते.
- तबला किंवा पखवाज स्पष्ट असलेलं काही. डग्ग्याची घुमार नुसती ‘धब्ब’ वाजते की तिला सूर आहे, हे त्यावर ऐकायचं.
- तुमच्या अगदी ओळखीच्या आवाजाचं साधं गाणं, कमी वाद्यांचं.
- सलग मैफलीचा असा अल्बम, ज्यात ट्रॅक तुटतो पण गाणं थांबत नाही.

एका कागदावर आजची स्थिती लिहा: काय खटकतं, कुठे, किती आवाजाला. ‘मजा येत नाही’ असं लिहून उपयोग नाही. ‘पंखा बंद केला की डाव्या स्पीकरातून गुणगुण येते’ असं लिहिलंत तर शोधायला धागा मिळतो.

इशारा: एका वेळी एकच बदल करा. आणि दोन गोष्टींची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. थोडंसं मोठं वाजणारं नेहमीच ‘जास्त स्पष्ट’ वाटतं, आणि दुकानातला विक्रेता हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ओळखून असतो.

## पायरी १: फाइल तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण फाइलमध्ये जे नाही ते पुढचं कुठलंही यंत्र आणू शकत नाही.

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट असा असतो, म्हणजे डावी-उजवी दोन्ही बाजू मिळून सुमारे १४११ केबीपीएस. फ्लॅक हा प्रकार त्यातलं काहीही न टाकता जागा वाचवतो. एमपीथ्री आणि एएसी टाकतात. ३२० केबीपीएसची एमपीथ्री किंवा २५६ची एएसी नीट बनवली असेल तर बहुतेकांना सीडीपासून वेगळी ओळखता येत नाही. १२८ची ओळखता येते, विशेषतः टाळ, झांजा आणि तानपुऱ्याच्या वरच्या स्वरांत. तिथे पाण्याखालून आल्यासारखी सळसळ ऐकू येते.

फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बिटरेट पाहा. पण तेवढ्यावर विसंबू नका. पेनड्राइव्हवरून हातोहात आलेल्या ‘एचडी’ संग्रहात कुणीतरी जुनी एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदललेली असते. आकार वाढतो, आवाज तोच राहतो. हे पकडायला स्पेक नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की कुठल्या उंचीपर्यंत ध्वनी आहे त्याचं चित्र दिसतं. १२८ची एमपीथ्री साधारण १६ किलोहर्ट्झला पट्टीने कापल्यासारखी थांबते.

इथे एक फसगत होते. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून घेतलेल्या नाट्यगीतांत वरचे स्वर मुळातच फारसे नसतात, म्हणून रिकामा वरचा भाग दिसला की फाइल खोटी असं नाही. बघायचं ते कडेकडे. खऱ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ध्वनी हळूहळू विरळ होत जातो. टेपवरच्या रेकॉर्डिंगमध्ये टेपची सूक्ष्म ‘हिस्स’ वरपर्यंत गेलेली असते, आणि ती हिस्सच जर एका सरळ रेषेत छाटलेली दिसली तर मधे कुणीतरी एमपीथ्री बनवली होती हे जवळपास नक्की.

घरात सीड्या असतील तर त्या स्वतः उतरवणं हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड. बाहेरून यूएसबीला लागणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, सिक्युअर मोड निवडा, फ्लॅकमध्ये उतरवा. ते अॅक्युरेटरिप नावाच्या साठ्याशी ताडून पाहतं की इतरांनी उतरवलेली तीच सीडी आणि तुमची जुळते का. मराठी सीड्यांच्या बाबतीत ‘ही डिस्क साठ्यात नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ते अपयश नाही. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचतं, आणि दोन्ही वेळचे सीआरसी (तपासणीचे) आकडे जुळले की काम झालं.

तासाभराची सीडी न दाबता सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये बऱ्याचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास. जागेचं कारण सांगून एमपीथ्रीवर राहायचे दिवस गेले.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझ’ फाइल्सबद्दल माझं मत सरळ आहे: त्यांच्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. ऐकण्यासाठी १६ बिट आणि ४४.१ पुरतं. एखादं रेकॉर्डिंग हाय-रेझमध्ये खरंच जास्त चांगलं वाटत असेल तर बहुधा ते नव्याने आणि काळजीपूर्वक मास्टर केलेलं (अंतिम प्रत काढताना आवाज नीट बसवलेलं) असतं, आणि त्याची सीडी-दर्जाची आवृत्तीही तितकीच चांगली वाजते.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर नाही ना ते पाहा आणि सर्वांत वरचा पर्याय निवडा. ब्राउझरपेक्षा ॲप बरं.

तपासणी: सलग मैफलीचा अल्बम लावा. विलंबितातून द्रुत बंदिशीत जाताना मधे क्षणभर शांतता पडत असेल तर दोष एमपीथ्रीत किंवा प्लेअरमध्ये आहे. फ्लॅक आणि चांगल्या प्लेअरवर हा सांधा कळतही नाही.

## पायरी २: विंडोजला बाजूला करा

विंडोज सगळ्या ॲप्सचा आवाज एका जागी मिसळतं आणि त्यासाठी सगळं एकाच सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला ठरावीक नमुन्यांना, बदलून घेतं. हा रेट बहुधा ४८,००० असतो आणि तुमची सीडी ४४,१००ची. हल्ली हे रूपांतर इतकं बरं होतं की नुसत्या त्याने गाणं बिघडतं असं मी म्हणणार नाही. खरा बिघाड त्या वाटेवर बसलेले ‘सुधारक’ करतात.

क्रमाने हे करा:

१. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड. तुमचं आउटपुट निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. ‘स्पेशियल’ (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देणारा) पर्यायही बंद.

२. लॅपटॉपबरोबर कंपनीने दिलेलं ध्वनी ‘सुधारणारं’ ॲप बहुधा असतं. ते उघडून त्यातले सगळे इफेक्ट बंद करा. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरसाठी ते थोडंफार कामाचं असतं, हेडफोनला घातक.

३. त्याच पानावर खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. प्लेबॅक टॅबमध्ये तुमचं यंत्र निवडून प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड. डिफॉल्ट फॉरमॅट २४ बिट, ४४,१०० ठेवा. चित्रपटच जास्त पाहत असाल तर ४८,०००. १९२,००० दिसतंय म्हणून ते निवडू नका. त्याने गाण्यात काही वाढत नाही, फक्त प्रत्येक फाइलचं रूपांतर होत राहतं.

४. प्रॉपर्टीज बंद करून आधीच्या खिडकीतल्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा. नाहीतर कॉल आला की विंडोज बाकीचा आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं.

५. प्लेअर बदला. फूबार२००० मोफत आहे, जुन्या मशीनवरही हलका चालतो, देवनागरी नावं नीट दाखवतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅक, आउटपुट इथे यंत्राच्या नावापुढे ‘एक्सक्लूझिव्ह’ लिहिलेला पर्याय निवडा. आता फाइल जशी आहे तशी थेट यंत्राकडे जाते.

इशारा: एक्सक्लूझिव्ह मोड चालू असताना यूट्यूब मुकं होतं, नोटिफिकेशन वाजत नाहीत. ड्रायव्हर बिघडला समजून तो पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. प्लेअर थांबवला की सगळं परत येतं.

मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये फॉरमॅट हाताने निवडता येतो. लिनक्सवर आवाज सांभाळणारं पाइपवायर बहुधा सगळं ४८,०००ला नेतं. त्याच्या सेटिंग फाइलमधल्या ‘अलाउड रेट्स’च्या यादीत ४४,१०० घातलं की काम होतं.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांनी एवढं एक पाहायचं. मीटिंगमध्ये हेडफोनचाच माइक वापरलात की साधारण सगळे ब्लूटूथ हेडफोन ‘हँड्स-फ्री’ मोडमध्ये जातात आणि गाणं टेलिफोनवरून ऐकल्यासारखं होतं. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा.

## पायरी ३: गुणगुण, खरखर आणि टकटक वेगवेगळी ओळखा

तिन्हींना लोक ‘नॉइज’ म्हणतात आणि तिन्हींवर एकच इलाज करतात. कारणं मात्र निराळी आहेत.

सतत चालणारी खालच्या पट्टीतली गुणगुण बहुधा विजेची, ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर तो अर्थिंगचा फेरा आहे: कॉम्प्युटर आणि अँप (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) दोघांनाही वेगळ्या वाटेने अर्थ मिळतो आणि त्या फरकाचा प्रवाह ऑडिओच्या वायरमधून वाहतो. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहा. तेवढ्याने भागलं नाही आणि दोन्ही यंत्रांना ऑप्टिकल जागा असेल तर ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणारी) केबल वापरा. तिच्यातून वीज जातच नाही, त्यामुळे फेरा तुटतो.

इशारा: गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कापणं किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरला लावणं, हा सल्ला सर्रास दिला जातो. करू नका. यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच नसते, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फिरवल्यावर कमीजास्त होणारी झिरझिर रेग्युलेटरचीच असते. पंखा पूर्ण वेगाला नेला की ती बऱ्याचदा जाते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर स्पीकर भुणभुणत असतील तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का पाहा. तसा असेल तर डॅक बदलून काही होणार नाही.

माउस हलवला किंवा पानं सरकवली की किरकिरणारा बारीक आवाज कॉम्प्युटरच्या आतून येतो. डेस्कटॉपचा पुढचा जॅक सोडून मागचा, मदरबोर्डवरचा वापरून पाहा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमधून फिरून आलेली असते. मागच्या जॅकवरही किरकिर राहिली तर डॅक घ्यायला खरं कारण सापडलं.

मधेच तुटणं, टक्-टक्, क्षणभराची गाळणूक हा विजेचा दोष नाही, वेळेचा आहे. प्रोसेसरला आवाजाचा पुढचा तुकडा वेळेवर द्यायला जमत नाही. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर चालवून दहा मिनिटं गाणं वाजू द्या. कुठला ड्रायव्हर अडवतो ते नावासकट दिसतं. बऱ्याचदा वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो. ते ड्रायव्हर अद्ययावत करा, प्लेअरमधला बफर (आवाज आधीच साठवून ठेवायची जागा) वाढवा, आणि डॅक यूएसबी हबवर असेल तर थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा.

तपासणी: तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावून वाय-फाय बंद करा, मग चालू करा. टकटक वाय-फायबरोबर येत-जात असेल तर गुन्हेगार सापडला.

## पायरी ४: स्पीकर किंवा हेडफोन

इथे येईपर्यंत एक रुपया खर्च झालेला नसेल, फार तर डीव्हीडी ड्राइव्हचा. आता खर्च करा, आणि इथेच करा. बजेट दहा रुपये असेल तर सात यावर घाला. दोन बऱ्या डॅकांतला फरक ऐकायला कान लावावा लागतो, दोन स्पीकरांतला फरक शेजारच्या खोलीतून कळतो.

नवे घेण्याआधी असलेले नीट मांडून पाहा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला, तोंड तुमच्याकडे. कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवले की डग्गा घुमतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. एक वीत पुढे ओढून ऐका, मग आणखी एक वीत. टेबलावर आडवे टाकलेले किंवा मॉनिटरच्या मागे दडवलेले स्पीकर ही आपल्याकडची नेहमीची मांडणी, आणि तिच्यावर डॅकचे पैसे वाया जातात.

तपासणी: जुनं मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावा. गायकाचा आवाज बरोबर मधोमध, हवेतून आल्यासारखा यायला हवा. तो पसरट आणि पोकळ वाटला, खालचे स्वर गायब झाले, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या लागल्या आहेत.

हेडफोन घेताना दोन आकडे पाहा, ओहम (विजेला होणारा विरोध) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर किती मोठं वाजतं). सेनहायझरच्या एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे हेडफोन लॅपटॉपच्या जॅकवर बऱ्याचदा पुरेसे मोठे वाजत नाहीत. ३२ ओहमचे सहसा वाजतात, पण त्यांना आवाज देणाऱ्या यंत्राच्या आउटपुटचा स्वतःचा ओहम कमी हवा, हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी, म्हणजे ३२ ओहमला ४च्या आत.

## पायरी ५: डॅक, आणि तोही लागला तरच

डॅक घ्यायची कारणं तीनच: पायरी ३ करूनही उरलेली किरकिर, हेडफोन पुरेसा मोठा न वाजणं, किंवा जॅक खराब अथवा नसणं. यातलं एकही तुमच्याकडे नसेल तर ही पायरी सोडा.

शक्यतो असा घ्या जो यूएसबी ऑडिओ क्लास २ हे सर्वमान्य मानक पाळतो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून त्याचा ड्रायव्हर अंगचाच आहे, त्यामुळे उद्या कंपनीने ड्रायव्हर देणं बंद केलं तरी डॅक चालत राहील. अँपला जोडायचा असेल तर सुमारे २ व्होल्टचं लाइन आउट (अँपला आवाज देणारी जागा) पाहा, हेडफोनसाठी आउटपुटचा ओहम. हाताने फिरवायचं आवाजाचं बटण असेल तर उत्तम. साध्या इअरफोनसाठी ॲपलचं यूएसबी-सी ते ३.५ मिमीचं छोटं अडॅप्टरही पुरतं. एवढ्याशा वायरीत डॅक आहे हे बघून लोक तिला कमी लेखतात.

खोक्यावर लिहिलेल्या ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी वगैरेंवर जाऊ नका. महागड्या यूएसबी केबलवर तर मुळीच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेत असाल तर बिलावर वॉरंटी लिहून घ्या आणि परत करायची मुदत विचारा.

जोडल्यावर लगेच होणारी चूक ही: पायरी २ मधली सेटिंग्ज प्रत्येक यंत्रासाठी वेगळी असतात. नवा डॅक लागला की त्याचे एन्हान्समेंट्स, फॉरमॅट आणि प्लेअरमधलं आउटपुट पुन्हा बघायला हवं. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटरही मधेच डिफॉल्ट होऊन बसतो आणि नवा डॅक ‘चालत नाही’ म्हणून परत जातो.

आवाज विंडोज आणि प्लेअरमध्ये पूर्ण, आणि कमीजास्त अँपच्या बटणावर. डॅक २४ बिटवर असेल तर सॉफ्टवेअरमधून थोडा कमी केल्याने नुकसान होत नाही, १६ बिटवर मात्र दर ६ डेसिबलला एक बिट जातो.

इशारा: हे करण्याआधी अँपचं बटण शून्यावर आणा आणि हेडफोन कानावरून काढा.

जुना आणि नवा डॅक ताडून पाहायचे असतील तर ५० हर्ट्झचा टोन वाजवून साध्या मल्टिमीटरने दोन्हींच्या आउटपुटचा एसी व्होल्टेज मोजा आणि आकडे जुळवा. मग कुणाला तरी वायर बदलायला सांगून न बघता ऐका. ओळखता आलं नाही तर परत करायची मुदत कामी येते.

## पायरी ६: इक्वलायझर

स्पीकरची जागा पक्की झाल्यावरच. विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत आहे. बास ५ डेसिबल वाढवलात तर प्रीॲम्प (एकूण पातळी) किमान ५ने खाली न्या, नाहीतर मोठ्या जागी आवाज फाटतो. आणि पायरी २ मधला एक्सक्लूझिव्ह मोड याला वळसा घालून जातो, म्हणून ‘इक्वलायझर लावला, काहीच बदललं नाही’ ही तक्रार येते. एकतर प्लेअर साध्या मोडवर आणा किंवा फूबारचा स्वतःचा इक्वलायझर वापरा.

वाढवण्याआधी कमी करून पाहा. खोलीत घुमणारी एखादी पट्टी दोन-तीन डेसिबल खाली आणली की बाकीचं आपोआप मोकळं होतं.

## पायरी ७: खुद्द कॉम्प्युटर

फ्लॅक वाजवायला दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरून उरतो. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड यांनी गाणं सुधारत नाही. एसएसडीनेही नाही, पण हार्ड डिस्कची घरघर थांबते आणि आलाप ऐकताना ती खरंच जाणवते. पंख्यातली धूळ काढा. विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा असा जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिनक्स टाकून तो फक्त गाण्यांना ठेवता येतो.

पैसे उरलेच तर दुसरी हार्ड डिस्क घ्या आणि उतरवलेल्या सीड्यांची एक प्रत तिच्यावर ठेवा. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा तपासणी-आकडा साठवलेला असतो. कॉपी झाल्यावर फूबारमधून सगळ्या फाइल्सची इंटिग्रिटी तपासणी चालवा, ज्या नापास होतील त्या पुन्हा उतरवा, आणि ती यादी रिकामी होईपर्यंत सीड्यांचं खोकं कुणाला देऊ नका.